शेपूची एक वाटी

“फोटो उलटा लावलाय कुणीतरी,” असं पुटपुटत मिरजेच्या दवाखान्यातल्या त्या पोरगेल्या डॉक्टरनं एक्स-रे खाली काढला, पालथा केला आणि पुन्हा दिव्याच्या काचेवर अडकवला.

शालनवहिनी स्टुलावर बसली होती. दोन्ही हात मांड्यांवर रोवून, खांदे वर ओढून. एका वाक्यात तिला दोनदा थांबावं लागत होतं. तरी ती बोललीच.

“डॉक्टरसाहेब, फोटो... सुलटाच हुता. उलटी... मी हाय.”

डॉक्टरनं एकदा काचेकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग छातीवरची नळी डावीकडून उचलून उजवीकडं ठेवली. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला.

“धातूची झडप बसवलेली आहे ना?”

“हाय की. सहा वर्सं झाली.”

“मग वाजत का नाही?”

माझ्या मांडीवर अडतीस दिवसांची लेक होती. मी तिच्या टाळूकडं बघत राहिले. “मोठ्या डॉक्टरांना बोलावतो,” म्हणत डॉक्टर उठला.

“काय म्हणाला गं, मंदे?” दादानं मला विचारलं. दादाची गावात पिठाची गिरणी. पंधरा वर्षं त्या पट्ट्याच्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान गेले होते. त्याच्याशी बोलायचं म्हणजे वेशीपर्यंत ऐकवायचं.

“मोठ्या डॉक्टरास्नी बोलावतो म्हणाला!” मी ओरडले. बाकड्यावरच्या चार बायांनी मान वळवून बघितलं.

*

वहिनीचं काळीज उजवीकडं होतं. जन्मापासूनच. नुसतं काळीज नव्हे, आतलं सगळं बिऱ्हाडच आरशात बघितल्यासारखं मांडलेलं. कुणाला कळलं नव्हतं, कारण विचारलं कुणी नव्हतं. लहानपणी तिला सांध्यांचा ताप आला. तो सांधे सोडून काळजाच्या झडपेवर जाऊन बसला. लग्नाला दोन वर्षं होताहेत तोवर तिला विहिरीवरून कळशी आणताना धाप लागायला लागली. तेव्हा पुण्याला नेलं, तिथं हे उलटं बिऱ्हाड कळलं, आणि ती झडप काढून धातूची बसवली.

तेव्हापासून ती वाजायची. टिक, टिक, टिक. दुपारी गिरणी बंद झाली, आळी निजली, की तिच्या शेजारी बसणाऱ्याला स्पष्ट ऐकू यायचं. बांगडीनं बांगडीला हलकेच हाक मारावी तसं. दादाला ते कधीच ऐकू आलं नाही. तो तिच्या पाठीवर तळवा ठेवून बघायचा आणि म्हणायचा, “चालू हाय.”

धातूच्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रोज संध्याकाळी तिला रक्त पातळ करणारी गोळी घ्यावी लागे, आणि महिन्यातून एकदा मिरजेला जाऊन रक्त तपासावं लागे. त्या गोळीवर मूल होऊ द्यायचं नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळं तो विषय घरात मिटला होता. बाहेर मिटला नव्हता. माझ्या लेकीच्या बारशाला आलेल्या आत्याबाई पाळण्याची दोरी ओढता ओढता म्हणाल्याच, “देवानं काळीज तेवढं उजवं दिलं हिला. कूस काय उजवली न्हाई.”

सगळ्या बाया घुगऱ्यांच्या ताटांकडं बघायला लागल्या. वहिनी हसली.

“देव डावखुरा आसंल, आत्याबाई. चालायचंच.”

आई जाऊन चार वर्षं झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, पण माहेरी कुणाकडं, असा माझ्या सासूचा सवाल होता. वहिनीनं माझ्या सासरी इचलकरंजीला येऊन तो सोडवला. पायरीवर उभ्या उभ्याच म्हणाली, “आई न्हाई म्हणून चूल इझत न्हाई, मामी. वन्संस्नी मी न्यायला आलेय.” आणि नेलं.

माझ्यापेक्षा चार वर्षांनीच मोठी. पण अंगाला तेल चोळायला बसली की तिचा हात थेट आईचा व्हायचा. धुरी, शेक, काढा, लेकीचं न्हाणं. एवढं करून संध्याकाळी सहाला, गिरणीचा पट्टा थांबला की ती देवळीतली डबी उघडायची आणि गोळी घ्यायची. गिरणी थांबली आणि डबी वाजली नाही, असं मी एकदाही पाहिलं नाही.

माझी लेक मोठी रडवी. पाजलं तरी रडायची, जोजवलं तरी रडायची. एका दुपारी वहिनीनं तिला उचलून खांद्यावर टाकलं आणि ती दिवा मालवावा तशी गप्प झाली. आम्ही सगळ्या बाया लेकरू डाव्या अंगाला घेतो, उजवा हात कामाला मोकळा राहतो म्हणून. वहिनी उजव्या अंगाला घ्यायची. तिथं ते वाजत होतं. पोरीनं कान बरोबर त्यावर ठेवला होता. वहिनी येरझाऱ्या घालत होती आणि त्या टिकटिकीवर पाऊल टाकत म्हणत होती,

उजव्या कुशीला गं, वाजतंया घुंगुर
नीज माझे मैने, दुपार भरपूर

पहिल्या दिवशी मला कौतुक वाटलं. चौथ्या दिवशी वाटेना.

“माझ्या पोरीला घड्याळ लागतंय, आई नको,” मी म्हणाले.

“वन्सं, तुमच्याकडं दूध, माझ्याकडं टिकटिक. वाटणी झाली की न्हाई बराबर?”

“नऊ महिने वागवलं मी, आणि वाटणी तुझी?”

“मग घ्या की.” तिनं पोर माझ्या हातात दिली. पोरीनं असा काही टाहो फोडला की गिरणीवर उभा दादासुद्धा म्हणाला, काय वाजतंय? वहिनी पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही.

आणि ताट. त्या ताटाचं सांगायला हवं.

बाळंतिणीचं जेवण म्हणजे बाजरीची भाकरी, लसणाची फोडणी दिलेला शेपू, संध्याकाळी मेथी, मधल्या वेळेला अळिवाची खीर. मला शेपूचा वास सोसायचा नाही. पहिल्याच दिवशी मी ताट सरकवलं.

“दूध उतरायचं न्हाई, वन्सं. खावा.”

“तू बस माझ्यासंगं. मग खाते.”

“मला पालेभाजी बेतानं खायला सांगितलीया.”

“म्हणजे हे गवत मी एकटीच चरू? गोठ्यात बांध मग मला. आई असती तर बसली असती.”

तिनं माझ्याकडं बघितलं. हात धुतला, चौरंग ओढला आणि माझ्याच ताटात समोरून भाकरी मोडली. “घ्या. एक घास तुमचा, एक माझा. बघू कोण आधी हरतंय.”

मग रोज तसंच झालं. सकाळी शेपू, संध्याकाळी मेथी. एक घास तिचा, एक माझा. मी सासूच्या नकला करायची, ती आत्याबाईंच्या. अर्ध्या ताटावर ती रेघ ओढायची, “ही तुमची शीव, ही माझी,” आणि माझ्या शिवेतली भाजी हळूच आपल्याकडं ओढून घ्यायची, कारण मी तोंड वाकडं केलेलं तिला दिसायचं. त्याच दिवसांत तिची रक्त तपासायची तारीख आली. “बाळंतिणीला टाकून मिरजंला कुठं जाऊ? सव्वा महिना होऊ दे,” म्हणाली.

बत्तिसाव्या दिवशी दुपारी वहिनीनं पोरीला खांद्यावर घेतलं आणि पोर झोपली नाही. मान इकडं वळवली, तिकडं वळवली, तोंडानं काहीतरी शोधत राहिली आणि रडायला लागली. मी हात पुढं केले. माझ्याकडं आली, हुंदके दिले, आणि माझ्या खांद्यावर झोपली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही.

“लागली बघा आईला,” वहिनी म्हणाली.

मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की काय सांगू.

सदतिसाव्या दिवशी न्हाणीघरातून बादली आणताना ती उंबऱ्यावरच बसली. ओठ जांभळे झाले होते.

*

मोठे डॉक्टर अकिवाटे. बुटके, टक्कल पडलेले, आवाज हळू. दादासाठी त्यांना तो चढवावा लागला आणि ते त्यांना जमेना, म्हणून दर वाक्याला मी मध्ये ओरडत होते. पहिल्या दिवशी गुठळी विरघळवण्याचं औषध शिरेतून देऊन पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वहिनीच्या खाटेपाशी आले. सिस्टर रूथ फाईल घेऊन मागं उभी होती.

“झडपेला दोन पानं असतात, दाराच्या फळ्यांसारखी. त्यातलं एक गुठळीनं जाम झालंय. औषधानं सुटलं नाही. उघडून बदलावी लागेल.”

“करा की,” दादा म्हणाला.

“एवढं सरळ नाही ते. एकदा छाती उघडलेली आहे, आता हृदय आतून हाडाला चिकटलेलं असणार. आणि हे हृदय आरशातलं. वीस वर्षं मी टेबलाच्या ज्या बाजूला उभा राहतोय, ती सोडून पलीकडं उभं राहायचं. स्वयंपाकघर आपलंच, पण कुणीतरी सगळे डबे उलट्या बाजूला मांडून ठेवलेत, आणि अंधारात मिठाचा डबा शोधायचाय. असं समजा.”

वहिनी म्हणाली, “चिठ्ठ्या चिकटवू का डब्यास्नी?”

डॉक्टरांना हसू आलं. मग ते खुर्ची ओढून बसले.

“आता मला खरं सांगायचं. सहा वर्षं नीट चाललं होतं. मग गुठळी का झाली? खाण्यात काही बदल? मेथी, पालक, शेपू, असल्या पाल्यात गोळीचा जोर मोडायची ताकद असते. अचानक जास्त खाल्लं, तर गोळी घेऊन न घेतल्यासारखी होते.”

 मी तोंड उघडलं. खाटेवरून खाली लोंबलेला वहिनीचा पाय माझ्या पावलावर आला आणि दाबला गेला. दम नव्हता तिच्यात, पण पायात होता.

“न्हाई,” वहिनी म्हणाली. “खाण्यात कायबी न्हाई. गोळ्या इसरले मी. घरात बाळंतीण, गडबड. आठ-धा दिस इसरलेच.”

दादा खाटेच्या दांडीवर हात आपटून ओरडला. “इसरलीस? अगं, सा वर्सं... इसरलीस?” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तोंडातून राग येत होता. वहिनी खाली बघत होती. आणि मी पोरीचं झबलं सारखं करत होते.

डॉक्टरांनी फाईलवर काहीतरी लिहिलं. “मग प्रश्नच मिटला. गोळी विसरणाऱ्या माणसाला मी पुन्हा धातूची झडप बसवणार नाही. प्राण्याच्या पडद्यापासून बनवतात ती बसवू. तिला रोजची गोळी लागत नाही.”

“मग बरंच झालं की,” दादा म्हणाला.

“बरं असतं, तर पहिल्यांदाच बसवली असती. ती दहा-बारा वर्षांत झिजते. तुमची बायको तिशीची आहे. म्हणजे चाळिशीत पुन्हा छाती उघडायची. तिसऱ्यांदा.” त्यांनी पेन खिशाला लावलं. “हे हृदय तिसऱ्यांदा उघडून परत मिटवीन, असं वचन मी देऊ शकत नाही. कुणीच देऊ नये. पण गोळी विसरली, तर धातूची तिला वर्षभरातसुद्धा मारेल. उद्या सकाळी घेऊ. दुपारी सही लागेल.”

*

दुपारी दादा डबा आणायला गेला. वॉर्डातल्या बाया पेंगत होत्या. मी वहिनीच्या खाटेवर बसले.

“मी सांगणार आहे डॉक्टरांना.”

“काय?”

“तुला म्हाईत आहे काय.”

तिनं पोरीच्या तळव्याला बोट लावलं. पोरीनं ते धरलं.

“वन्सं, डोकं वापरा. हे उद्या गावात गेलं, तर गोळीच्या जोराचं कुणी नाव न्हाई काढायचं. म्हणतील, बाळंतिणीच्या ताटानं भावजय खाल्ली. म्हणतील, पोरगी पांढऱ्या पायाची, आल्या आल्या मामीच्या जिवावर उठली. आत्याबाईंचं तोंड म्हाईत हाय न्हवं? हिच्या लग्नापत्तुर पुरवतील त्या.” तिला दम लागला. थांबली. “आन् तुमचा दादा. त्यो तुम्हाला काय बोलणार न्हाई. पण परत माहेरला ये म्हणायचाबी न्हाई. आई न्हाई तुम्हाला. ह्येबी घर जायाचं मग.”

“आणि तू चाळिशीत मरायचंस?”

“धा वर्सं म्हंजे लई झाली, वन्सं. पोर चौथीत जाती तवर.”

तिनं ते हिशेब करून ठेवल्यासारखं म्हटलं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. मला तिचा राग आला. आयुष्यात तेवढा राग मला कुणाचाच आला नाही.

“मोठी आलीस जीव देणारी,” मी म्हणाले. “ताटातसुद्धा माझ्या वाटचं खाऊन टाकायचीस. हेही खाऊन टाक.”

“तुम्ही तोंड वाकडं करायचा म्हणून,” ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

चार वाजता डॉक्टर अकिवाटे व्हरांड्यात आले. सिस्टर रूथनं दादाच्या हातात कागद आणि पेन दिलं. दादा ठिपक्यांवर बोट ठेवून सही कुठं करायची ते विचारत होता.

“तिनं गोळी चुकवली नाही,” मी म्हणाले.

डॉक्टर वळले.

“एक दिवसही चुकवली नाही. गिरणी बंद झाली की घ्यायची. मी रोज बघत होते. तिनं पालेभाजी खाल्ली. शेपू, मेथी, दोन्ही वेळा, महिनाभर. माझ्या ताटातली. मी एकटी जेवणार नाही म्हणाले म्हणून.”

“काय म्हणती?” दादानं विचारलं.

मी दादाकडं बघितलं. ही गोष्ट हळू सांगता येण्यासारखी असती, तर किती बरं झालं असतं. पण दादाला हळू सांगता येत नाही.

“वैनीनं गोळी चुकवली न्हाई, दादा!” मी ओरडले. “माझ्या ताटातलं खाल्लं तिनं! माझ्यामुळं झालं!”

“कुणामुळं?”

“माझ्यामुळं! माझ्या ताटामुळं!”

व्हरांडाभर माणसं थांबली. चहावाला थांबला. पायऱ्यांवर बसलेली कुणाची तरी म्हातारी उठून उभी राहिली. माझी पोर दचकून रडायला लागली, आणि मीही.

डॉक्टरांनी फाईलमधलं वहिनीचं जुनं कार्ड काढलं. दर महिन्याची तारीख, दर महिन्याचा आकडा. ते बोट फिरवत खाली आले. “एकाहत्तर महिने बरोबर,” ते स्वतःशीच म्हणाले, “आणि एक रिकामा.” मग मला विचारलं, “भाजी किती असायची? चमचाभर, वाटीभर?”

“अर्धं ताट.”

“हे सकाळी का सांगितलं नाही?”

 ते सिस्टर रूथकडं वळले. “नवी झडप धातूचीच काढून ठेवा. गोळी विसरणाऱ्याचं मी काही करू शकत नाही. ताटातलं खाणाऱ्याला शिकवता येतं.”

सिस्टरनं दादाच्या हातातला कागद घेतला, त्यावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं आणि परत दिला. दादानं सही केली. मग तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. माझी मान वर होईना. मला वाटलं, आता हा बोलणार, नाहीतर कधीच बोलणार नाही.

त्यानं पोर माझ्याकडून घेतली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, कारण गिरणीच्या माणसाच्या अंगावर पीठ असतं म्हणून तो तिला लांबूनच बघायचा. त्यानं तिला खांद्यावर टाकलं. उजव्या. घरात तो तसंच बघत आला होता.

“हिचा काय दोस?” तो म्हणाला. त्याला वाटलं हळू म्हणाला. व्हरांडाभर ऐकू आलं. “आन् तुझाबी काय? जेवायलाच बसली न्हवं माझी बायको? चोरी करायला न्हाई गेली.”

*

सकाळी साडेसातला तिला आत नेलं. सिस्टर रूथनं नंतर सांगितलं की, आदल्या संध्याकाळी डॉक्टर रिकाम्या टेबलाच्या पलीकडं उभे राहून नुसते हात फिरवत होते. नर्सला इकडून तिकडं उभं करत होते, हत्यारांचा ट्रे फिरवून घेत होते. आरतीची तयारी करणाऱ्या माणसासारखे, ती म्हणाली. मग हसून म्हणाली, “आमच्यात आरती नसते, पण तसंच दिसत होतं.”

दुपारचे दोन वाजले, तीन वाजले. दादा भिंतीला तळवा टेकून उभा होता. वहिनीच्या पाठीला टेकायचा तसा.

साडेचारला डॉक्टर बाहेर आले. कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. “आरशात बघून कुंकू बरोबर मधोमध लावता की नाही तुम्ही बायका?” ते मला म्हणाले. “मला आज जमलं.”

दादानं विचारलं, “काय म्हणाले?”

 मग मी त्याचा तळवा भिंतीवरून उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवून मान हलवली. त्याला कळलं.

सहाव्या दिवशी तिला वॉर्डात आणलं. केस विस्कटलेले, ओठ फुटलेले, पण ओठांचा जांभळा रंग गेला होता. मी खाटेजवळ गेले आणि काही बोलायच्या आधी वाकून तिच्या उजव्या बाजूला, पट्टीला धक्का न लावता, कान नेला.

टिक, टिक, टिक.

“जुन्यापरास बारीक वाजतंय न्हवं?” वहिनी म्हणाली. “नवी नवरी हाय. चार दिस लाजंल.”

मी तशीच वाकलेली राहिले. तोंड दिसत नसलं की बोलता येतं.

“वैनी, एक राहिलंय. डॉक्टरांना सांगितलं नाही, दादाला नाही. पोर तुझ्याकडं झोपेना झाली ना, तेव्हाच तुझं वाजणं मंद झालं होतं. मी शेजारी बसून ऐकत होते. मला ऐकू येत नव्हतं, आणि येत नाही हे मला कळत होतं. पण पोर माझ्याकडं आली होती. मी पाच दिवस गप्प बसले. मला बरं वाटत होतं.”

 मग माझ्या केसांवर तिचा हात आला. सुई टोचलेला, सुजलेला.

“पाच दिस?”

“पाच.”

“मी आठ.”

मी मान वर केली.

“माझ्याच अंगातलं हाय, वन्सं. मला आधी कळणार का तुम्हाला? पोर रडायच्या आधी तीन दिस मला ऐकू यायचं बंद झालं हुतं. म्हटलं, सव्वा महिना हुईल, तुमची वटी भरीन, मग जाईन मिरजंला. आठ दिस.” ती हसायला गेली, छातीत दुखलं, म्हणून डोळ्यांनीच हसली. “बघा. हितंबी तुम्हीच हरला.”

*

घरी सोडताना डॉक्टरांनी तिला पालेभाजी बंद केली नाही. म्हणाले, बंद केलं की माणूस चोरून खातं. रोज एक वाटी खायची. कमी नाही, जास्त नाही. कुठली वाटी ती ठरवा, आणि तिच्यावर गोळीचं माप बांधून देतो. तिनं लग्नातली वाटी काढली, तिच्या आईनं नाव कोरून दिलेली. ‘सौ. शालन’ एवढी अक्षरं अजून वाचता येतात. पुढचं घासून गेलं.

आत्याबाईंनी बोलायचं ते बोलून घेतलंच. ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द त्यांनी एकदाच, आमच्या ओसरीवर उच्चारला. दादा तिथंच बसला होता. तो ‘काय?’ म्हणाला. त्या पुन्हा म्हणाल्या. तो पुन्हा ‘काय?’ म्हणाला. चौथ्यांदा ओरडून सांगताना आळी गोळा झाली, आणि आत्याबाईंना स्वतःचंच बोलणं ऐकवेना. चप्पल घालून निघून गेल्या. दादाला तो शब्द पहिल्यांदाच ऐकू आला होता की नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

बावीस वर्षं झाली. माझी लेक चौथी पास झाली, शाळा संपवून नोकरीला लागली. ती अजून मामीजवळ बसली की उजवीकडंच बसते. वहिनीचे केस पांढरे झाले. गिरणी दादानं विकली, पण सहा वाजले की देवळीतली डबी वाजते.

मी माहेरी गेले की शेपू मीच करते. वास अजून सोसत नाही. ताट एकच घेतो. तिची वाटी मी भरते, आणि वर आलेला उंचवटा बोटानं काठाबरोबर सपाट करते. बोटावरचं जास्तीचं माझ्याच तोंडात जातं. तोंड वाकडं होतं. ती बघत असते, पण आता माझ्या शिवेतलं काही ओढून घेत नाही. हात मागं घेऊन बसते आणि म्हणते,

एका ताटात जेवल्या, नणंद भावजय
ताट उचललं तरी, राहिली मागं सय

“म्हणा की पुढची ओवी,” ती म्हणते.

मला पुढची येत नाही. मी तिच्या टिकटिकीला कान देते. पहिला घास ती घेते, मग मी.